सीनापूर हायवेकडे निघाले

सीनापूर शहर माघातल्या एका सोमवारी, सकाळचे नळ येऊन गेल्यावर, उठले आणि हायवेच्या दिशेने चालू लागले. वेग बैलगाडीपेक्षाही कमी होता, त्यामुळे शाळा, बाजार आणि कोर्ट नेहमीच्या वेळेला भरले.

शहराच्या पूर्व टोकाला नरसूबाई यमूल यांचा टॉवेलांचा कारखाना होता. नवऱ्याच्या माघारी त्याच तो चालवत होत्या. मागांच्या खडखडाटातून त्या दुपारी बाहेर आल्या, तर समोरची गल्ली निघून गेलेली. धाकटी बहीण राजमणी आपल्या गच्चीवरून हात हलवत लांब लांब चालली होती. कारखाना मात्र जागचा हलला नव्हता.

नगरपालिकेचे अभियंता घोणसीकर स्कूटरवरून माघारी आले. घामाघूम झाले होते, पण बोलणे अदबीचे.

"बाई, माग चालू असले की इमारत उठत नाही. बंद करा, संध्याकाळपर्यंत शहराला गाठाल."

"पण शहर चाललंय कशाला?"

"वाढायला. नुसते टॉवेल विणून किती दिवस भागणार? हायवेला गोदामं येतील, कंपन्या येतील. सगळा वाव तिकडं आहे."

"वाव दिसायला कसा असतो हो?" नरसूबाईंना खरोखरच जाणून घ्यायचे होते.

घोणसीकरांनी हायवेच्या दिशेला पाहिले. "मीही अजून पाहिला नाही," ते म्हणाले.

मागावर चढवलेले सूत मध्येच कापणे नरसूबाईंच्या जिवावर आले. एकदा पाहून तरी यावे म्हणून त्यांनी काम कामगारांवर सोपवले, डबा घेतला आणि स्कूटरवर मागे बसल्या. चालत्या शहराला वळसा घालून दोघे पुढे गेली.

हायवेवर पोचताच त्यांना समोरून दुसरे शहर येताना दिसले. पुढे पाण्याची टाकी, मागे डाळमिलचे पत्रे. ते वाणेगाव होते. त्याच्या पुढे पुढे एक बाई चालत होत्या, मिलच्या मालकीण गोदावरी हालगे.

"कुठं निघालात?" नरसूबाईंनी विचारले.

"सीनापूरला. आमच्याकडं वाढीला जागाच उरली नाही. सगळा वाव सीनापुरात आहे म्हणतात."

वाणेगावचे अभियंताही तिथेच होते. दोन्ही अभियंत्यांनी हात मिळवले, रस्त्याची रुंदी मोजली आणि शहरे एकमेकांना न घासता जातील अशी खात्री करून घेतली. थांबवणे दोघांच्याही अधिकारात नव्हते. तोवर बायकांनी कडक भाकरी आणि शेंगाची चटणी वाटून खाल्ली. डाळ कशी भरडतात हे नरसूबाईंनी बारकाईने विचारून घेतले.

परतताना त्या सीनापुरात शिरल्या आणि राजमणीच्या घरी गेल्या.

"अक्का, तू येणार ना?" राजमणीने हात धरला.

"सूत संपल्याशिवाय नाही गं. आणि कोण येतंय तेही बघायचंय."

राजमणी रडली. नरसूबाईंनाही भरून आले. पण घर थांबत नव्हते, म्हणून बोलणे आवरून त्या पायरीवरून उतरल्या.

घरे गेली तसे कामगारही घरांमागे गेले. विजेची तार ताणून लांब झाली होती, तुटली नव्हती. नरसूबाईंनी एकटीने एक माग चालू ठेवला. चारी बाजूंना मोकळे रान होते. मागाचा आवाज त्यांना पहिल्यांदाच इतका मोठा वाटला. आपण चुकलो की काय, असे मनात येऊन गेले, पण धागा तुटला आणि तो सांधण्यात विचार राहून गेला.

वाणेगाव गुरुवारी सकाळी आले आणि कारखान्याच्या भोवती नीट बसले. समोर चित्रपटगृह आले, शेजारी पोस्ट. थोड्या वेळाने एक न्हावी दारात उभा राहिला. दुकानासाठी त्याला टॉवेल हवे होते.

नरसूबाईंनी त्याच्यापुढे गठ्ठा सोडला.

टॉवेलाचा पोत पाहत तो म्हणाला, "मावशी, तुम्ही आधीपासूनच्या दिसता. या शहरात धंदा कसा चालतो?"

नरसूबाईंनी बाहेर पाहिले. पोस्टात खिडकी उघडत होती.

"शहर आजच आलंय," त्या म्हणाल्या. "बघू."