पासवर्डगडाचा वेढा

स्वस्ति. ज्यांस खऱ्याखोट्याची चाड आहे, त्यांनी ही हकिकत चित्त देऊन ऐकावी.

सरकारी वकीलबाई, संगणकी गुन्हेगारांच्या कर्दनकाळ, वीस वर्षे चोरट्यांचे पुसलेले संदेश उकरोन काढीत आल्या. परंतु मोठे न्यायाधीशसाहेब यांचा हुकूम ऐसा की, शाईची सही नाही तो पुरावा नाही. येणेकरून एका नर्सबाईस फोनवर धमकावणारा इसम उजळ माथ्याने हिंडत होता. मग बाईंनी मसलत केली की, चाळीस न्यायाधीशांस एके दालनी बसवोन डिजिटल पुराव्याची तालीम द्यावी.

चाळीसही चहाबिस्किटांनिशी दाखल जाहले, आणि बाईंनी लॅपटॉप उघडिला, आणि पासवर्ड घातला, तो रद्द. दुसरा घातला, तोही रद्द. कारण आदले दिवशी बाईंनी आपलाच उपदेश शिरी धरोन पासवर्ड बदलिला, आणि कोठेही लिहिला नव्हता. आता एकच वार शिल्लक. तो चुकता यंत्र दिवसभर कुलूपबंद. मोठे साहेबांनी फर्माविले की, दहा मिनिटांत पडदा न उजळल्यास तालीम बरखास्त, आणि पुरावा कायमचा कागदीच. बाईंचे तोंडचे पाणी पळाले.

मग मातोश्रींस फोन लाविला. मातोश्री कानाने कमी, म्हणोन त्यांचा आवाज फोनातून दालनभर दणाणे.

"आई, काल पासवर्ड टाकताना मी काही पुटपुटत होते का गं?"

"पुटपुटत? अगं, शेजाऱ्यांनासुद्धा पाठ झालाय! डुलकीसम्राट अकरा. ते तुझे मोठे साहेब अकराच्या ठोक्याला कोर्टात पेंगतात ना, म्हणून!"

एका न्यायाधीशांचे बिस्कीट चहात पडले, ते सर्वांस ऐकू आले. धरणी पोटात घेईल तर बरे, ऐसे बाईंस जाहले. मोठे साहेबांनी चष्मा सावरिला आणि स्वमुखे वदले, "टाका. चाळीस साक्षीदार आहेत."

टाकिला, आणि गड उघडिला. मग बाईंनी फाइलीचा ठसा, म्हणजे मजकुरावरोन निघणारा लांबलचक आकडा, पडद्यावर दाविला. साहेबांनी स्वहस्ते एक स्वल्पविराम खोडिला, तो आकडा नखशिखांत बदलिला. साहेब खुर्चीतून उडाले. "अहो, एवढ्याशानं? पुन्हा करू द्या!" ऐसे सतरा वेळा.

पुढील सोमवारी नर्सबाईंच्या फोनातील संदेश, ठसा जुळवोन, म्हणजे एक अक्षरही बदलले नाही ऐसे दावोन, दाखल जाहले. आरोपीचे वकील सहा वेळा उठिले आणि सहा वेळा बसविले गेले. इसम गजाआड गेला. त्या सायंकाळी नर्सबाईंनी, कित्येक महिन्यांनी, फोन वाजताच तो न दचकता उचलिला. फत्ते ती हीच, ऐसे येथे नमूद केले असे.