करू नये की करू शकता

जाहिरातीपुढे सर्व नागरिक समान आहेत. कायद्यापुढेही असतात म्हणतात, पण कायदा अजून घरोघरी फोनवर येत नाही, जाहिरात येते. मी बुलढाण्याजवळच्या धाड गावात फ्लेक्स छापतो, त्यामुळे हे मी थोड्या अभिमानाने सांगू शकतो. वाढदिवस, श्रद्धांजली आणि बियाण्यांचे मेळावे ही माझ्या दुकानाची तीन पिकं. (श्रद्धांजली बागायती, बाकीची दोन कोरडवाहू.)

फ्लेक्सची एकच अडचण आहे. तो बघावा लागतो. माझ्या दुकानाला भिंत लावून अकीलभाईचं घर आहे. त्याची थोरली बहीण अंजुमआपा गल्लीतल्या पोरांना उर्दू शिकवते. तिला जन्मापासून दिसत नाही. चौकातल्या माझ्या उत्तमोत्तम फ्लेक्सखालून ती वर्षानुवर्षं जाते, पण एकाही पुढाऱ्याचा वाढदिवस तिला कळलेला नाही. आमच्या व्यवसायातली ही त्रुटी इंटरनेटने भरून काढली.

बुलढाण्याला एका शिबिरात आपा बोलता फोन वापरायला शिकली. पडद्यावर जे असेल ते फोन वाचून दाखवतो. बोट सरकवलं की पुढचं वाचतो. त्याचा वेग ती इतका ठेवते की मला फक्त तेलात मोहरी तडतडल्यासारखं ऐकू येतं. तिला त्यात पावसाचा अंदाज आणि नोकरभरतीच्या बातम्या ऐकू येतात. गल्लीला ती त्या सावकाश सांगते.

आता डोळस माणूस जाहिरातीशी कसा वागतो पाहा. नजर टाकतो, तोंड फिरवतो, कोपऱ्यातल्या इवल्याशा फुलीवर बोट ठेवतो. लाखो रुपये खर्चून केलेल्या कलाकृतीचा हा अपमान आहे. आपा असा उद्धटपणा करूच शकत नाही. ती जाहिरात पहिल्या शब्दापासून ऐकते, खालचा इंग्रजी पत्ता आकड्या-रेघांसकट ऐकते. माझ्या पाहणीनुसार (पाहणी दुकानाच्या पायरीवरून झाली आहे) एका बातमीत चार वाक्यं बातमीची असतात आणि उरलेली राष्ट्रीय प्रगतीची. चष्म्याचा नंबर घालवणारे थेंब, भिंतीएवढा टीव्ही, ‘या चित्रात लपलेला वाघ शोधा, शंभरातले नव्याण्णव हरतात’ हे सगळं तिला न मागता मिळालं.

“मी नव्याण्णवातलीच निघाली, भागवतभाऊ,” ती मला म्हणाली.

एकदा एका संकेतस्थळाने तिच्याकडे ती माणूस असल्याचा पुरावा मागितला. चित्रांतले ट्रॅफिक सिग्नल ओळखा म्हणे. धाडला सिग्नल नाही, तेव्हा मीही मदतीला कच्चाच होतो. शेवटी माणूस म्हणून तिची नोंद झाली नाही. गिऱ्हाईक म्हणून झाली. तिथेच कुकरवर सूट मिळाली.

राहिला फुलीचा प्रश्न. ती फुली आपाच्या फोनला दिसते, पण तिचं नाव कोणी लिहिलेलं नसतं, म्हणून तो नुसतं ‘बटण’ म्हणतो. मग पुन्हा ‘बटण’. मग ‘बटण’. यातलं एक जाहिरात बंद करतं, बाकीची आयुष्य बदलतात. अशाच एका बटणाने आपाचं नाव लग्न जुळवणाऱ्या कंपनीत गेलं. तिथल्या बाईंचे अजून फोन येतात. तो फोन अकीलभाईची बायको मलिहा घेते आणि मुलाला स्वयंपाक येतो का, एवढंच विचारते. आजवर एकही स्थळ त्या प्रश्नापुढे गेलेलं नाही.

सगळं असं सुखात चालू असताना बोंडअळीचं साल आलं. बीटी कपाशीला अळी तोंड लावणार नाही असं बियाण्यांच्या मेळाव्याच्या फ्लेक्सवर हातभर अक्षरात होतं. अळीने तोंड लावलं. यात चूक अळीची आहे. तिने फ्लेक्स वाचला नाही. अकीलभाईच्या शेतात फुलं न उमलता गुलाबाच्या कळीसारखी मिटलेलीच राहायला लागली आणि उघडून पाहिलं की आत गुलाबी अळी आरामात बसलेली.

एका सकाळी अकीलभाई बी-बियाण्यांच्या दुकानातून कीटकनाशकाच्या दोन बाटल्या घेऊन आला. मलिहाने अंगणातल्या ड्रमात पाणी भरलं होतं. शेजारच्या शेताचे उकंडराव त्यांचा फवारणीचा पंप घेऊन तिथेच टेकले होते. साठी उलटली तरी उकंडरावांना चष्मा नाही, आणि ही गोष्ट ते भेटेल त्याला सांगतात. मी चहाच्या आशेने उभा होतो.

आपा ओट्यावर होती. तिने मान वळवली. “दोन झाकनं उघडली. दोन काऊन?”

“दुकानदारानं सांगतलं, आपा. दोन्ही मिळवून मार, अळीचा खेळ खल्लास.”

“त्यानं सांगतलं. पन शेतीवाल्या तज्ज्ञांनी काय सांगतलं ते ऐकू दे मले.”

तिने फोन काढला. कुठल्याशा बातम्यांच्या पानावर बोंडअळीवरचा तज्ज्ञांचा सल्ला होता. आम्हालाही कळावं म्हणून तिने वेग कमी केला. उकंडरावांनीही तेच पान स्वतःच्या फोनवर उघडलं. आपाचा फोन शांतपणे बोलू लागला, “पंपात दोन कीटकनाशके एकत्र मिसळून फवारणी करू...”

आणि एक बाई बाथरूमच्या फरशीबद्दल गाऊ लागली. तिच्या गाण्यावर फोन बोलत होता, “जाहिरात. पाच सेकंदांत बंद करता येईल. पाच. चार. बटण. तीन. बटण.”

“झालं,” अकीलभाई म्हणाला. “करू शकता.”

“करू शकता नाही म्हनला तो. करू म्हनला.”

“करू म्हनजे करूच ना!”

“करू नये बी राहू शकते.”

आपल्या भाषेने नकार वाक्याच्या शेवटी ठेवला आहे. पूर्वजांना वाटलं असेल, समोरचा शेवटपर्यंत ऐकेल. मध्ये फरशी येईल हे त्यांच्या ध्यानात आलं नसावं.

आपाने बोट सरकवलं. जाहिरात हलली, पान हललं आणि फोन पुन्हा पहिल्या ओळीवर जाऊन मुख्य बातम्या वाचू लागला. तिने पुन्हा सुरुवात केली. पुन्हा “फवारणी करू”, पुन्हा फरशी. तिसऱ्यांदा फरशीच्या जागी गुलाबी लिपस्टिक आली. (अळी गुलाबी आहे, हे इंटरनेटने लक्षात ठेवलं होतं. सेवा म्हणतात ती ही.)

तोवर उकंडरावांच्या अंगठ्याने अख्खं पान वर ढकललं होतं. “मी पुरं पाह्यलं बे,” ते उठत म्हणाले. “तसं काही नाही त्याच्यात. मारा बिनधास्त. मी तं चाललो.” त्यांच्याही पिशवीत त्याच दुकानाच्या दोन बाटल्या होत्या.

अकीलभाईने बाटली उचलली. आपा ओट्यावरून उतरली, चाचपत ड्रमापाशी आली आणि तिने दोन्ही हात आडवे ठेवले.

“वाक्य पुरं झाल्याबिगर थेंब पडू देनार नाही.”

“ऊन चढून राह्यलं, आपा! अळी थांबते का तुया वाक्यासाठी? वर्साचं पीक हाय!”

“पीक हाय, मले मालूम हाय. फवारनारा कोन हाय? तूच ना?” तिने ड्रमावरचे हात काढले नाहीत. “एकुलता एक भाऊ हाय तू मले.”

“रुको जी,” मलिहा नवऱ्याला म्हणाली आणि त्याच्या हातातली बाटली तिने काढून घेतली.

आपा तिथेच ड्रमाला टेकून बसली. पान पुन्हा उघडलं, आणि बाई गायला लागायच्या आत तिने इंटरनेटच बंद करून टाकलं. पान फोनवर आलेलं होतं. जाहिरातीला मात्र आत यायला रस्ता उरला नाही. इंटरनेटने आमच्या गल्लीची केलेली ही सर्वांत मोठी सेवा, आणि ती ते बंद असताना झाली. अंगणात इतकी शांतता होती की कोंबडीचं चरणं ऐकू येत होतं.

“...एकत्र मिसळून फवारणी करू नये. जीवितास धोका. तोंडाला कापड बांधावे. वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने फवारू नये.”

 अकीलभाईने दुसऱ्या बाटलीचं झाकण घट्ट लावलं. मग एकदम वळून तो शेताच्या दिशेने पळत सुटला, “उकंडकाका! ओ काका!”

तो शेतावर पोहोचेपर्यंत उकंडरावांचा निम्मा पंप संपला होता. ते बांधावर ओकत बसले होते आणि त्यांना अकीलभाई एक दिसत होता की दोन, ते सांगता येत नव्हतं. जीपमध्ये घालून त्यांना बुलढाण्याला नेलं. दोन दिवस त्यांच्या डोळ्यांपुढे धुकं होतं. तिसऱ्या दिवशी ते उठून बसले, तेव्हा आम्ही भेटायला गेलो.

मी त्यांच्या फोनवर ते पान उघडून पाहिलं. इशारा होता. लाल चौकटीत, ठळक पांढऱ्या अक्षरांत, दोन्ही बाजूंना लक्षवेधी त्रिकोण. धंद्यातला माणूस म्हणून सांगतो, मांडणी अप्रतिम होती.

“हे दिसलं नाही का तुम्हाला?” मी विचारलं.

“दिसलं ना,” उकंडराव क्षीण आवाजात म्हणाले. “पन लाल चौकट होती. मले वाटलं, जाहिरात हाय.”

आपा हसली नाही. तिने चाचपून त्यांचा हात हातात घेतला. “काका, मले चौकट दिसतच नाही. मले सारं एकाच आवाजात ऐकू येते. म्हनून ऐकाच लागते.”

उकंडराव आता बरे आहेत. नजर पूर्ववत झाली असून तिचा वापरही ते पूर्वीसारखाच करतात. सकाळपासून तुमच्याही अंगठ्याने अशा बऱ्याच चौकटी वर ढकलल्या असतील. त्या सगळ्या जाहिरातीच होत्या, असं आपण धरून चालू.