मानाच्या शाली खुराड्यात

त्या सकाळी मनकर्णाबाईंचं नवऱ्याशी नेहमीसारखंच भांडण झालं. थंडीनं कोंबड्यांनी अंडी देणं बंद केलं होतं आणि घरातली गोणपाटं जनावरांबरोबर चारा छावणीवर गेली होती.

"ट्रंकंतल्या दोन शाली द्या. खुराड्याला लावते."

"सत्काराच्या शाली हायत त्या! कोंबड्यांला?"

बंकटराव गावच्या दूध सोसायटीचे चेअरमन. दुष्काळात दूध आटलं होतं, चेअरमनपद तेवढं शिल्लक होतं.

"कोंबड्या कवातरी अंडी देत्यात. तुमची सोसायटी काय देती?"

बीडहून सुट्टीला आलेली लेक प्रयागा हसली. बंकटरावांनी रागारागानं आणखी एक भाकरी मागून घेतली.

दुसऱ्या दिवशी मनकर्णाबाई उठल्याच नाहीत.

तेरावं झालं. बापलेकीचं बोलणं आता फक्त कोंबड्यांवर चाले.

"संक्रांतीपतुर अंडं दिसलं न्हाई तर वडवणीच्या बाजारात इकतो. फुकटची बाजरी खात्यात."

"आईच्या कोंबड्या हायत, अण्णा."

"म्हणून तर. बघवत न्हाईत."

प्रयागानं कोमट पाणी पाजून पाहिलं, बाजरी वाढवून पाहिली. काही उपयोग झाला नाही. शेवटी वडील बाहेर गेलेले बघून तिनं ट्रंक उघडली. वाऱ्याच्या बाजूला जरीच्या शाली टांगल्या, सगळ्यात जाड शालीची घडी खाली अंथरली. खुराड्याला लग्नघराची कळा आली. कोंबडा तर व्यासपीठावर बसवल्यासारखा मान ताठ करून फिरू लागला.

अशात एके दिवशी तालुक्याच्या दूध संघाचे बिभीषणराव न कळवता सोसायटीत टपकले. पाहुण्याला मोकळ्या खांद्यानं परत पाठवायची गावात रीत नव्हती. शाल विकत आणायचीही नव्हती. आपल्याला मिळालेली पुढच्याला घालायची. बंकटरावांनी सेक्रेटरी धुळाजीला घरी पिटाळलं.

ट्रंक रिकामी. प्रयागा टँकरच्या रांगेत. धुळाजीनं घर धुंडाळलं, परसात गेला आणि खुराड्यापुढं थबकला. पण तिकडं पाहुणा ताटकळत होता. त्यानं जाड घडीवर बसलेल्या कोंबडीला हुसकलं, घडी तशीच दोन्ही हातांवर घेतली आणि पळत सुटला.

टाळ्यांच्या गजरात बंकटरावांनी शाल उलगडली. आतून काहीतरी घरंगळलं आणि पाहुण्याच्या धोतराच्या झोळात अलगद पडलं. बिभीषणरावांनी ते उचलून सगळ्यांना दाखवलं.

"चेअरमन, दुष्काळ हाय, कबूल. पर नारळ एवढुसा?"

सभा हसून लोळायची बाकी राहिली. "तरीच ती कोंबडी मला टोचत व्हती!" धुळाजी कपाळावर हात मारून म्हणाला.

बंकटराव मात्र हसले नाहीत. त्यांनी पाहुण्याच्या हातातून अंडं काढून घेतलं.

"गरम हाय अजून!"

आणि अर्धी शाल पांघरलेला पाहुणा तसाच सोडून ते घराकडं निघाले.

प्रयागा नुकतीच हंडा उतरवत होती. वडील ओंजळ झाकून लगबगीनं येताना दिसले. आता शालींवरून बोलणी बसणार, म्हणून ती बाजूला सरली. पण ते तिच्याकडं न बघता थेट चुलीकडं गेले.

"मनकर्णे, अगं घातलं बघ! घातलं!"

चुलीपाशी कुणी नव्हतं. बंकटराव अंडं घेऊन तिथंच उभे राहिले.

"बाजाराचं ऱ्हाऊ दे आता," ते भिंतीकडं बघत पुटपुटले.

प्रयागा त्यांच्याजवळ जाऊन उभी राहिली.

"अण्णा," ती म्हणाली, "आईची लई आठवण येती मला."