हणमंत अप्पांचा डिसमिस

हणमंत अप्पा गाडी दाताने तपासतात. गंमत म्हणून सांगत नाही. मलकापुरात हायवेला लागून त्यांचं गॅरेज आहे, कुणीही जाऊन बघावं. अप्पा इंजिन चालू करायला लावतात, हातभर लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक त्यावर टेकवतात आणि लाकडी मूठ दातांत धरून डोळे मिटतात. या हत्याराला आमच्याकडची सगळी गॅरेजं डिसमिस म्हणतात. अप्पांच्या डिसमिसच्या मुठीवर इतक्या वर्षांत दातांचे खळगे पडलेत. दुसऱ्या कुणाच्या तोंडात ती बसायची नाही. बसली तरी कुणी धरणार नाही, ग्रीसचा वास लय उग्र.

दुसरी गोष्ट म्हणजे त्यांच्यापुढे बोलायची बंदी. गाडीवाला आला की त्याला आपल्या गाडीचं दुखणं सांगायची कोण घाई असते. "अप्पा, मला वाटतं प्लग गेलाय," एवढं म्हणेपर्यंत अप्पांचा हात वर होतो.

"तुमी गप. गाडीला बोलू द्या."

लोणंदचा एक कांद्याचा व्यापारी यायचा. भारी बोलका माणूस. त्याला अप्पा ऑइलच्या रिकाम्या पिंपावर बसवायचे आणि हातात कढत चहाचा ग्लास द्यायचे. चहा निवेपर्यंत तोंड बंद राहतं आणि तेवढ्यात निदान होतं, असा हिशेब.

एवढा तुसडा माणूस, पण गिऱ्हाईक तुटत नसे. वीस-वीस वर्षांच्या गाड्या, ज्यांना शोरूमवाले आत घेत नाहीत, त्या अप्पांकडे येत आणि धडधाकट होऊन जात. पंचक्रोशीत म्हणत, अप्पांसारखा कान नाही कुणाचा.

गॅरेजच्या दारात अप्पांची बायको, अक्का, सूप घेऊन तांदूळ निवडत बसलेली असायची. मोबाईल तिच्याच पिशवीत. गिऱ्हाईक बोलू लागलं की तिचे हात सुपातून बाहेर येत. कुणी म्हणालं स्टिअरिंग थरथरतंय, की अक्का मुठी वळून हलवायची. ब्रेक लागत नाही म्हटलं की पाय आपटायची. मला वाटायचं, बाईला नकला करायची हौस आहे. मी हायस्कुलात मास्तर आहे, मुलांच्या मनातलं ओळखतो असा माझा समज होता. असो.

माझी गाडी पाचगणीच्या एका शाळेतल्या कारकुनाकडून घेतलेली. मी तिचा तिसरा मालक. बायको तिला 'म्हातारी' म्हणते. या म्हातारीला मधेच एक खोड लागली. तासभर उत्तम चालायची, मग आचके देऊन बंद. दहा मिनिटं थांबलं की पुन्हा चालू, जसं काही झालंच नाही. तीन गॅरेजं झाली. एकाने प्लग बदलले, दुसऱ्याने फिल्टर, तिसऱ्याने पेट्रोलचा पंपच नवा घातला. म्हातारी कुणाला दाद देईना.

शेवटी अप्पांकडे नेली. त्यांनी डिसमिस चावून पाच मिनिटं डोळे मिटले आणि म्हणाले, "हितं काय बोलंना. तासभर पळवाय पायजे. सांगलीला जाऊ."

"सांगलीलाच का?"

अप्पा बॉनेट पुसत होते. दारातून अक्का म्हणाली, "लेक हाय सांगलीत. पेटी शिकवती. दोन वर्सं झाली, गेलं न्हाईत. न्या गुमान, मास्तर."

रविवारी सकाळी निघालो. अप्पा माझ्या शेजारी, डिसमिसचं टोक डॅशबोर्डवर, मूठ दातांत. इस्लामपुरात एका बाईने आपल्या पोराला बोट दाखवून आमची गाडी दाखवली. मी बोलू लागलो की अप्पा मूठ काढून माझ्या तोंडाकडे टक लावून बघत, उत्तर देत आणि पुन्हा चावत. माझ्या गाडी चालवण्यावर विश्वास नाही, म्हणून असं बघतात, असं वाटून मी जरा दुखावलोही होतो.

आष्ट्याच्या पुढे म्हातारीने आचके दिले आणि बंद पडली. अप्पांचा चेहरा उजळला. उतरून थेट मागे गेले, पेट्रोलच्या टाकीला डिसमिस लावला, मला स्टार्टर मारायला सांगितलं आणि मग टोपणाची चावी मागितली. टोपण सैल केलं तशी टाकीने जोरात हवा ओढली. फुस्स असा मोठा आवाज झाला. मी जवळ जाऊन म्हणालो, "अप्पा, केवढा आवाज." ते टोपणाच्या फटीवर तळहात धरून उभे होते. मी पुन्हा म्हणालो. पाठमोरे अप्पा ढिम्म.

तेवढ्यात मागून उसाची ट्रॉली घेऊन एक ट्रॅक्टर आला. हॉर्नवर हॉर्न. अप्पा तसेच मागे मागे रस्त्यावर सरकत होते, टोपण न्याहाळत. मी धावलो आणि दंड धरून त्यांना ओढलं. ट्रॉली हातभर अंतरावरून गेली. ती डोळ्यांसमोर आली तेव्हा कुठे अप्पा दचकले.

दोघेही कडेच्या दगडावर बसलो. अक्काच्या नकलांचा अर्थ मला तिथे कळला, आणि फार लाज वाटली.

"अजिबात येत नाही ऐकू?" मी तोंड त्यांच्यासमोर धरून विचारलं.

"उजव्याचा पडदा लष्करात गेला, तोफंच्या वर्कशॉपात. डावा हळूहळू गेला. दातानं ऐकू येतंय. हाडातनं जातंय आत." मग म्हणाले, "कुणाला बोलू नगा मास्तर. मिस्त्रीचा कान गेला म्हटल्यावर गाडी कोण आणंल?"

"आणि मुलीला?"

"तिला तर न्हाईच. आठ वर्सं झाली, तिची पेटी ऐकली न्हाई मी. बोटं हालत्यात, भाता हालतोय, आन मला काय बी न्हाई. बघवत न्हाई. मग उठून भाईर जातो. तिला वाटतंय, बापाला आवडत न्हाई."

एवढं बोलून अप्पांनी विषय टाकला आणि मला झापायला घेतलं. "हे चावीचं टोपण कुणी लावलं?" मीच लावलं होतं. जुनं टोपण पेट्रोल पंपावर विसरलो आणि बाजारातून हे चकचकीत आणलं. जुन्याला बारीक भोक होतं, याला नव्हतं. पेट्रोल कमी होईल तशी वरून हवा आत जायला हवी. ती जात नव्हती, म्हणून टाकीच पेट्रोल सोडत नव्हती. "समदी तिच्या पोटात हात घालून बसली. श्वास कुणी बगितला न्हाई," अप्पा म्हणाले. टोपण सैल ठेवून आम्ही सांगली गाठली.

अप्पांच्या लेकीचं, सुनंदाचं, घर गणपतीच्या देवळामागच्या गल्लीत. शिकवणीच्या बायका नुकत्याच गेल्या होत्या, पेटी सतरंजीवर उघडीच होती. तिने वडिलांना वाकून नमस्कार केला, चहा ठेवला. सगळं रीतसर, पण कोरडं. मी म्हणालो, "काहीतरी वाजवा ना." तिने अप्पांकडे न बघता सांगितलं, "नको मास्तर. अप्पांना आवडत नाही. लहानपणी ह्यांनीच पेटी आणून दिली, भाता फाटला तर ट्यूबचं ठिगळ लावलं. आता मी बसले की उठून जातात."

अप्पा तिच्या ओठांकडे बघत होते. त्यांना सगळं कळलं होतं. तरी त्यांची नजर दाराकडे वळलीच.

मी उठलो. बोलायचं नाही असं मला बजावलं होतं, आणायचं नाही असं कुठे बजावलं होतं? गाडीतून डिसमिस आणला, माझ्याच रुमालाने पुसला आणि अप्पांच्या हातात दिला. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की शाळेतली माझी टवाळ पोरंही गार झाली असती. मी पेटीकडे बोट दाखवलं.

बराच वेळ ते डिसमिस हातात फिरवत राहिले. मग गुडघे धरत सतरंजीवर बसले, टोक पेटीच्या लाकडावर टेकवलं आणि मूठ दातांत धरली.

सुनंदा बघतच राहिली. तिचं सगळं लहानपण गॅरेजात गेलेलं. तो डिसमिस अप्पा कशासाठी चावतात, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. तिने भाता ओढला आणि एक साधं भजन धरलं. अप्पांनी डोळे मिटले. पहिलं कडवं संपेपर्यंत ते हलले नाहीत. गालांवरून पाणी वाहून डिसमिसच्या मुठीवर उतरत होतं.

मग त्यांनी मूठ काढली. "उजवीकडनं चौथी पट्टी. वारं गळतंय."

"महिना झाला," सुनंदा म्हणाली आणि रडूच लागली. "अप्पा, तुम्ही मला सांगायचं तरी..."

अप्पांचा हात वर झाला.

"तू गप. पेटीला बोलू दे."

तिने पदराने डोळे पुसले आणि दुसरं कडवं धरलं.