कणगीतला सदू

आणीबाणीच्या साली नसबंदीची जीप कुठल्या गावात कधी शिरेल याचा नेम नव्हता. पळसदरीच्या पुढं, डोंगराच्या पायथ्याला असलेल्या कोंडगावात पुरुषमाणसं जेवतानासुद्धा एक कान रस्त्याकडं लावून बसत. जीप दिसली की डोंगर गाठायचा, हे सगळ्यांचं ठरलेलं. सदू मात्र पारावर छाती काढून सांगायचा, "मी नाय पळणार! पळतो तोच सापडतो. मी घरातच बसंन, आन् कुणाच्या बापाला गावणार नाय!"

खरी गोष्ट निराळी होती. त्याची आई अंबूबाई लावणीच्या दिवसांत अंगणात घसरून पडली, ती उठलीच नव्हती. तिला एकटीला टाकून डोंगरात जायला त्याचं मन घेईना. पण असं काही चारचौघांत बोलायची लाज वाटे. म्हणून ही सगळी फुशारकी!

त्याचा बेत तयार होता. भात अजून शेतात उभं होतं, त्यामुळं घरातली उंच कणगी तळापर्यंत रिकामी होती. माणूस आत उकिडवा बसला, वरून सूप झाकलं, की काम झालं!

आणि एका सकाळी जीप आलीच. बांधावरून नामा ओरडला, "आली रं, आली! पळा!"

बघता बघता गाव ओस पडलं. सदूच्या बायकोनं, गौराबाईनं, दोन्ही पोरं काखोटीला मारली. "तुमी पण चला ना!"

"तू हो पुढं. आईपाशी मी हाय."

सदू कणगीत उतरला.

जीपमधून उतरली ती ऑस्ट्रेलियातल्या एका चर्चची तरुण पोरं-पोरी. परक्या मुलखातल्या गरिबांच्या घरी जावं, दोन घटका बसावं, त्यांच्यासाठी प्रार्थना करावी, एवढ्यासाठी ती समुद्र ओलांडून आली होती. बरोबर दुभाषे म्हणून नगरकडचे याकोब शिरसाठ, पांढऱ्याशुभ्र सदऱ्यात. पोरांच्या गळ्यात क्रॉस, एकाच्या हातात मोठी काळी पेटी. लांबून बघणाऱ्याला अगदी डॉक्टरांची टोळी!

घरोघरी चुली पेटलेल्या, भात उतू चाललेला, आणि माणूस एक नाही. पाहुणे बावरले. शेवटी याकोब डोंगराकडं तोंड करून ओरडले, "घाबरू नका! आम्ही फक्त तुमच्यासाठी प्रार्थना करणार आहोत!"

झाडीत लपलेल्या हिरामणनं कपाळावर हात मारला. "प्रार्थना? म्हंजे माणूस वाचायची पण खात्री नाय!" पायथ्याशी दडलेले होते तेही माथ्यावर जाऊन बसले. हे सदूला मागाहून कळलं. तेव्हा त्याला कळलं ते एवढंच, की पावलं आपल्या दारात आली.

"घरात कुणी आहे का?"

"मी हाय," अंबूबाईचा बारीक आवाज आला. "बसा."

ती मंडळी सारवलेल्या जमिनीवर बसली. मग खट् खट् असा पेटीच्या कड्या उघडल्याचा आवाज झाला. हत्यारं! सदूनं डोळे गच्च मिटले. आणि पेटीतून निघाला सूर! छातीवर धरून वाजवायचा अकॉर्डियन होता तो, आणि त्याच्यामागून सगळ्यांचं हळू आवाजातलं गाणं. सदूला घाम फुटला. भूल द्यायची ही कुठली नवी तऱ्हा?

गाणं थांबलं. मग आई बोलायला लागली.

"बाय, तू कोन, कुठची, मला ठावं नाय. तुझं तोंड गरीब दिसतं, म्हून सांगते. माझी चार पोरं गेली. दोन तापानं, एक सापाचं पान लागून, एक पोटातच. हा सदू तेवढा राहिला. त्याला काय करू नका गं. न्यायचं तर मला न्या. माझं आता काय राहिलंय?"

याकोबांनी थांबत थांबत ते इंग्रजीत सांगितलं. रूथ नावाची एक पोर अंबूबाईच्या अगदी जवळ सरकली आणि तिचा हात हातात घेऊन रडायला लागली. ती काहीतरी पुटपुटली.

"आजी, ही म्हणते, तिचा एकुलता भाऊ गेल्या साली समुद्रात बुडाला. तिची आई अजून कुणाशी बोलत नाही."

"अगं माझ्या बाय!" अंबूबाई म्हणाली. "ये. इकडं ये."

आईनं त्या पोरीच्या तोंडावरून हात फिरवला असणार. सदूला दिसत नव्हतं, पण आई आपल्याही तोंडावरून तसाच हात फिरवायची, हे त्याला ठाऊक होतं. पोरं गेल्याचं ती उभ्या जन्मात कुणाजवळ बोलली नव्हती. सदूच्या डोळ्यांना धार लागली. डोळ्यांपाठोपाठ नाक गळायला लागलं. नाकात कणगीतला जुना कोंडा गेला, आणि...

शिंक अशी आली, की सूप आढ्याला लागलं! कणगी कलंडली, दाराकडं गडगडली आणि उंबऱ्यावर फुटली. पोरी किंचाळल्या. कोंड्यानं माखलेला सदू बाहेर आला तो हात जोडूनच. "करा काय करायचं ते! पन आईच्या डोळ्यांदेखत नको!"

याकोबांनी त्याला उठवला. "अरे बाबा, आम्ही डॉक्टर नाही. देवाची माणसं आहोत."

सदूनं आधी त्यांच्याकडं बघितलं, मग पेटीकडं. आणि मटकन खाली बसला. अंबूबाईला हसू आवरेना. तिला हसताना बघून रूथ रडता रडता हसली.

आता गावाला खाली बोलवायला हवं होतं. पण पडताना सदूच्या जांघेत चमक भरली होती. म्हणून दोन गोऱ्या पोरांनी त्याला दोन्ही दंडांना धरला आणि पाय फाकत चालणाऱ्या सदूला गावाबाहेर आणला. "या रं! ही ती मानसं नायत!" तो ओरडला.

माथ्यापर्यंत शब्द काही पोचले नाहीत, गावानं पाहिलं तेवढंच. "झालं सदूचं!" हिरामण म्हणाला. गौराबाईनं हंबरडा फोडला, आणि अख्खं गाव डोंगराच्या पल्याड उतरलं.

पाहुणे दुपारपर्यंत अंबूबाईपाशी बसले आणि निघून गेले. तिन्हीसांजेला गाव परत आलं. सदूनं आईची शपथ घेतली, फुटकी कणगी दाखवली. कुणी ऐकेना! "असू दे रं, लाजू नको," म्हणत सोनाबाई अंडी घेऊन आली. मागोमाग मोतीबाई दूध घेऊन, इंदूबाई वाटीभर तूप घेऊन. अंगात ताकद भरायला!

पहिल्या दिवशी सदू भांडला. दुसऱ्या दिवशी त्यानं आईला अंडं भरवलं. किती दिवसांनी ती पोटभर जेवली. मग मात्र दारात कुणी दिसलं, की सदू आपसूक लंगडायला लागला.

"आता नीट चाला," गौराबाई कुजबुजायची, "ती गेली."

आणि आतून अंबूबाई हाक मारायची, "एक अंडं त्या गोऱ्या पोरीला ठेवा गं. लई रडली बिचारी."