घुंकार-निर्दालनाची हकीकत

श्रीनादब्रह्म प्रसन्न. शके अठराशे नव्व्याण्णव, पिंगल नाम संवत्सरे, फाल्गुनमासी वर्तमान घडले ते ऐसे. राजेश्री विसाजीपंत यांनी स्वहस्ते तबकडीचा बारीक नाद वाढविणारा, काचेच्या व्हॉल्व्हचा प्रीअँप्लिफायर बांधिला आणि त्यास आपले राज्य म्हणविले. मातोश्री गोदूबाईसाहेब यांनी सोळाव्या वर्षी गाइलेली एकच तबकडी जगात उरली होती, आणि बाईसाहेबांचे कान दिवसेंदिवस मंदावत चालले, म्हणोन ते गाणे त्यांचे कानी एकवार नीट पडावे, हीच पंतांची आस. परंतु राज्यात घुंकार नामे शत्रू शिरला. यंत्र लावावे तो घूंऽऽ ऐसा नाद उठे आणि गाणे बुडे. मातोश्री म्हणाल्या, "विसू, हे भुंगे आधी घालव. गाणे मग."

पंतांनी मोहीम मांडिली. ट्रान्सफॉर्मर म्हणजे भारदस्त सरदार, परंतु शेजाऱ्यास उपद्रवी, त्यास पेटीच्या पलीकडील टोकास हद्दपार केले, आणि व्हॉल्व्ह तापविणाऱ्या दोन तारांस वेणी घातली, आणि मग नवसही बोलिले. शत्रू थोडका हटला आणि तेथेच ठाण मांडून बसला. खोटे कशास बोलावे, फितुरी पंतांच्याच हातची होती. लग्नातल्या व्याह्यांसारखा प्रत्येक भागाचा मान राखावा, म्हणोन त्यांनी ज्याच्या त्याच्या अर्थिंगास पेटीवर निराळा पितळी स्क्रू बहाल केला होता, आणि ते स्क्रू चिंचेने घासून लखलखीत ठेवण्याचा त्यांस भारी षोक. एके दिवशी तबकडीचा नाद जेथून आत येई त्या इनपुटचा स्क्रू घासावयास काढिला, लावावयाचा राहिला, आणि यंत्र सुरू करितात तो घुंकार निम्मा. पंतांनी आरोळी ठोकिली. पत्नी द्वारकाबाई धावत आल्या आणि काय जाहले म्हणोन पुसू लागल्या. पंत वदले, "व्याह्यांस निरनिराळ्या दारांनी आत घेतले, तो दारादारांतच कलागत लागली." बाई म्हणाल्या, "मग एकाच दाराशी उभे करा सगळ्यांना. रुसतील तर रुसोत." मग पंतांनी काळजावर दगड ठेवून लाडके स्क्रू उपटिले आणि अर्थिंगच्या सर्व तारा एकाच स्क्रूखाली आणून बांधिल्या, म्हणजे स्क्रूस्क्रूंमध्ये वीज फिरून घुंकार उठावयास वाटच न उरे.

यंत्र लाविले तो राज्यात शांतता. मातोश्री म्हणाल्या, "बिघडवलेस ना शेवटी?" पंतांनी आवाज हवा तेवढा चढविला आणि सुई टेकविली, आणि गाण्याआधी एक बारीक, कापरा श्वास ऐकू आला, जो घुंकाराने आजवर गिळिला होता. मग गाणे जाहले. बाईसाहेबांनी डोळे मिटून सारे ऐकिले आणि म्हणाल्या, "पोर फार भ्याली आहे रे. तिला कुणीतरी सांगा, चांगले गातेस म्हणून." पंतांनी वाकून मातोश्रींच्या कानाशी तोंड नेले आणि सांगितले.

येणेप्रमाणे शत्रू मोडिला, व्याही एका दारी नांदू लागले, आणि मातोश्रींनी तबकडी पुन्हा लावावयाची आज्ञा केली. हकीकत इतकीच.