अप्पांचा चाळीस पायऱ्यांचा इतिहास

शिवलिंगअप्पांवर अन्याय झाला तो गेल्या मंगळवारी, सकाळी दहा वाजून दहा मिनिटांनी. गढीवर जाणारा दगडी जिना बाभळीच्या काट्या लावून बंद केला आणि वर पाटी ठोकली: ‘जिना धोकादायक. मागील रस्त्याने यावे.’ अप्पांना कुणी विचारलं नाही. पिशवीत पाण्याची बाटली घेऊन ते पहिल्या पायरीशी उभे होते, त्यांच्यादेखत काट्या लागल्या.

आमचं गाव वालूरच्या पुढं. टेकडीवर गढी आहे आणि गढीत आता युवकांचं शिबिर भरतं. अप्पांचं खाली किराणा दुकान. कपाळाला विभूती, डोक्याला टोपी, आणि शिबिराची गाडी आली की दुकान उघडं टाकून जिन्याकडं धाव. कारण गढीचा इतिहास अप्पा सांगतात, आणि तो पायरीवार सांगतात. एका पायरीवर उभं राहायचं, तिथला इतिहास ऐकायचा, मग पुढची. सातव्या पायरीवर निजाम येतो, विसावीवर जातो. अकरावीवर गढीच्या मालकांचा, रावसाहेबांचा घोडा अडतो तो काही केल्या हलत नाही. पंचविसावीवर गढीत सरकारी धान्याचं गोदाम होतं. तिथं अप्पा नुसत्या उंदरांवर दहा मिनिटं बोलतात. शेवटच्या पायऱ्यांवर युवा निवास बांधला जातो, त्यात संडासाच्या टाकीचाही इतिहास येतो.

कुणी घाईनं दोन पायऱ्या एकदम चढला की अप्पा हात धरतात. “खाली चला. मधला काळ राहिला तुमचा.” सगळ्यांना पुन्हा खाली. एका शिबिराचं उद्घाटन पाहुण्यांशिवाय उरकलं, कारण पाहुणे त्या वेळी अठराव्या पायरीवर रझाकारांत अडकले होते. जिना बंद करणाऱ्या शिबिराच्या व्यवस्थापक साहेबांचा राग समजण्यासारखा होता, हे मी आज म्हणते. मंगळवारी म्हटलं नव्हतं.

मंगळवारी मी पत्रक लिहिलं. ‘शेकडो वर्षांच्या चाळीस पायऱ्या काट्यांत! कुणाच्या परवानगीनं?’ सेलूच्या बाजारात स्वतः वाटलं. अप्पांनी ते दुकानात दोनदा वाचलं, घडी करून मला परत दिलं आणि म्हणाले, हे छापायच्या आधी मला दाखवायचं होतंस. मला वाटलं, म्हातारा घाबरला.

शुक्रवारी गढीवर बैठक झाली. साहेबांनी शांतपणे विचारलं, जिना एवढा जुना आहे याला पुरावा काय? मी उठणार, तोच अप्पा उठले.

“साहेब, जुन्या पायऱ्या वीसच हायत. गुडघ्याएवढ्या उंच. मधल्या वीस मी बसवल्या. गढीचाच पडका दगड हाय, म्हणून कळत न्हाई.”

गावातली जुनी माणसं हसायला लागली. त्यांना हे पहिल्यापासून माहीत होतं. मी कुणाला विचारलंच नव्हतं. कान तापले माझे.

“का बसवल्या?” साहेब म्हणाले.

अप्पा टोपी काढून हातात फिरवायला लागले. वर महादेवाची लहान पिंड आहे, तिथं त्यांच्या घरच्या, महानंदाबाई, दर सोमवारी यायच्या. पुढं पुढं त्यांना दम लागायला लागला, म्हणून अप्पांनी मधल्या पायऱ्या बसवल्या; तरी दम लागायचाच. पण बाई मानी.

“थांबा म्हनायची न्हाई. बसायची बी न्हाई, लोक बघतेत म्हनायची. मंग मीच थांबायचो. थांबायला काय तरी कारण पाहिजे ना? म्हणून सांगत बसायचो, इथं निजाम आला, इथं आसं झालं. तिला वाटायचं, ह्यांना लय बोलायची खोड हाय.”

“म्हणजे इतिहास खोटा?”

“रावसाहेब खरे हायत. उंदरं बी खरी हायत. घोडा मी घातला. त्या पायरीवर तिला लय दम लागायचा.”



“आणि आता?” साहेबांनी विचारलं. “आता तर त्या नाहीत. आता कशाला थांबता?”

“एकट्याला चढवत न्हाई, साहेब. थांबल्यावर बाजूला कुणीतरी लागतं.”

साहेब उठले. मग म्हणाले, माझी आई गावाकडून आली की मागच्या रस्त्यानं गाडीतच वर येते, गढी तिनं खालून कधी पाहिलीच नाही. काट्या त्यांनी स्वतः ओढून काढल्या; हाताला दोन ठिकाणी लागलं. अट एकच: शिबिराच्या दिवशी इतिहास पाऊण तासात संपवायचा. अप्पांनी ती मान्य केली. ते पाळतील असं कुणालाच वाटत नाही, पण जिना उघडा आहे, आणि मी तीन दिवसांनी नीट जेवले.

माझ्या पत्रकात खोटं छापलं गेलं, त्याची माफी मागते. पण पाटीवरचं एक खरं निघालं. अप्पांनी बसवलेल्या पायऱ्यांतल्या तीन हलतात. दगड गोळा केलेत, वाळू-सिमेंट आलंय, माणसं नाहीत. तुम्हाला एवढं वाचायला वेळ होता, म्हणजे अजून थोडा असेल. येत्या रविवारी सकाळी सातला गढीच्या पायथ्याशी या. घमेलं घरून आणा.